आपलं लिखाण आपल्या पत्त्यावर: मराठी ब्लॉग स्वतः उभा करताना

पुण्यात लिहिणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. टेकडीवरची झाडं, पेठांमधले वाडे, घाटवाटा, जुन्या नाटकांचे प्रयोग अशा विषयांवर मन लावून लिहिणारी कितीतरी माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांचं जवळजवळ सगळं लिखाण फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांमध्ये पडून आहे. दोन वर्षांपूर्वीची एखादी पोस्ट हवी असली, तर ती त्यांची त्यांनाच सापडत नाही.

शिवाय ज्या जागेवर लिहिलं ती जागाच बंद झाली, तर लिखाणही तिच्याबरोबर जातं. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली याच शहरात निबंधमाला सुरू केली आणि तिचे ८४ अंक बहुतांशी एकहाती लिहिले. ती आजही वाचायला मिळते. २००८ साली कुणी ऑर्कुटवर जीव ओतून लिहिलेलं मात्र आज शोधून सापडायचं नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्यातलं काही लिखाण फार चांगलं होतं.

म्हणून स्वतःच्या नावाची वेबसाइट आणि तिच्यावर ब्लॉग. यात अवघड वाटतील अशा बऱ्याच गोष्टी आहेत, पण खरं महत्त्व दोनच गोष्टींना आहे: साइटचं नाव तुमच्या ताब्यात हवं आणि मजकुराच्या फाइली तुमच्याजवळ हव्यात. ही दोन्ही हातात असली की बाकी काहीही उद्या बदलता येतं.

नाव

नावाला डोमेन म्हणतात आणि फाइली ज्या चोवीस तास चालू असलेल्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवतात त्या जागेला होस्टिंग. दोन्ही एकाच कंपनीकडून घ्यावं लागतं असा अनेकांचा समज असतो. तसं काही नाही. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते ना, तसंच डोमेन तेच ठेवून होस्टिंग बदलता येतं आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते वर्षाच्या हिशेबाने नोंदवतात, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. डॉट इन या नावांची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते. २००५ पासून डॉट इन कुणालाही घेता येतं. आपण निक्सीकडे थेट जात नाही, मधल्या रजिस्ट्रार कंपनीकडून नोंदणी करतो. इथे एक गोष्ट नीट बघा. पहिल्या वर्षाचा भाव बरेचदा नावापुरता असतो, खरा भाव रिन्यूअलचा. डॉट इन किंवा डॉट कॉमसाठी वर्षाला हजार-दीड हजार रुपये धरून चाला.

नोंदणी करताना खातं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडा. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण अडचणी इथेच होतात. साइट बनवून देणारा मुलगा सोय म्हणून डोमेन आपल्याच खात्यावर घेतो, मग नोकरी लागून दुसऱ्या गावी जातो, फोन उचलेनासा होतो आणि आपल्याच नावाची साइट आपल्याला हलवता येत नाही. त्याच्या मनात वाईट असतं असं नाही. पण रजिस्ट्रारच्या लेखी मालक तो असतो.

आणखी एक खबरदारी: या खात्याला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपली तर ईमेलही बंद पडतो आणि मुदत संपल्याची सूचना त्याच बंद पेटीत जाऊन पडते.

नाव निवडताना ते फोनवर कुणाला तरी सांगून बघा. 'झाड' शब्द असेल, तर समोरचा रोमन लिपीत तो दोन-तीन प्रकारे लिहील. ज्याचं स्पेलिंग सांगत बसावं लागत नाही असं नाव चांगलं. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत हे डोमेनही मिळतं आणि ते बघून मला आनंदच होतो. पण आजही कित्येक फॉर्म आणि ॲप असा पत्ता ओळखत नाहीत. त्यामुळे मुख्य पत्ता डॉट इन किंवा डॉट कॉम ठेवावा आणि डॉट भारत हौसेने जोडीला घ्यावं, असं माझं मत आहे.

वर्डप्रेस की साध्या फाइली

ब्लॉग चालवायचे मुख्य मार्ग दोन.

पहिला वर्डप्रेस. हे सॉफ्टवेअर २००३ साली आलं, फुकट आहे आणि मराठीतही वापरता येतं. त्यात तुमचा मजकूर डेटाबेसमध्ये राहतो. वाचकाने पान मागितलं की सर्व्हरवरचा प्रोग्रॅम डेटाबेसमधून मजकूर काढतो, पानाच्या साच्यात बसवतो आणि पाठवतो. ब्राउझरमध्ये, अगदी मोबाइलवरही, लिहून 'प्रकाशित करा' दाबलं की झालं. त्याच्या बदल्यात सर्व्हरवर एक जिता प्रोग्रॅम सतत चालू राहतो आणि त्याची निगा राखावी लागते. वर्डप्रेस, त्याची थीम (पानांचं रूप ठरवणारा साचा) आणि प्लगइन (जादा सोयी देणारे छोटे प्रोग्रॅम) वेळच्या वेळी अपडेट केली नाहीत, तर जुन्या प्लगइनमधल्या भोकातून कुणीतरी शिरतं आणि तुमच्या साइटवर भलत्याच जाहिराती झळकतात. नावावरून एक गोंधळही होतो. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर सॉफ्टवेअर मिळतं, ते तुमच्या होस्टिंगवर बसवायचं. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा आहे, तिथे स्वतःचं डोमेन जोडायचं तर सहसा पैसे भरावे लागतात.

दुसरा मार्ग स्टॅटिक साइटचा. यात पानं तुमच्याच कॉम्प्युटरवर आधी तयार होतात आणि सर्व्हर फक्त ती उचलून देतो. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे फोडण्यासारखंही फारसं काही नाही. पानं भराभर उघडतात. मजकूर मार्कडाउन नावाच्या अगदी साध्या पद्धतीने लिहायचा. ही पद्धत २००४ साली आली. मथळ्याच्या आधी एक खूण, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन तारे, इतकंच शिकायचं. अशा फाइलींपासून आख्खी साइट बनवणारी फुकट सॉफ्टवेअर आहेत. जेकिल २००८ चं, ह्यूगो २०१३ चं.

फक्त मोबाइलवरच लिहिणार असाल तर वर्डप्रेस घ्या. कॉम्प्युटरवर बसायची थोडी सवय असेल, तर माझा कौल निःशंकपणे साध्या फाइलींना. वीस वर्षांनी ह्यूगो राहील की नाही, कोण जाणे. पण मार्कडाउनची फाइल म्हणजे साधा मजकूर, ती कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. आमच्या शेजारच्या काकू तळजाईच्या टेकडीवरच्या झाडांवर लिहितात. त्या ह्यूगो वापरतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर साइटचं एक फोल्डर आहे आणि त्यात 'कंटेंट' नावाचं दुसरं फोल्डर. नवा लेख म्हणजे त्यात एक नवी फाइल. वरच्या चार-पाच ओळींत मथळा, तारीख आणि लेख कच्चा आहे की पक्का याची नोंद. खाली लेख: आपल्या टेकड्यांवर लावलेला गिरिपुष्प मूळचा मध्य अमेरिकेकडचा, उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळून गुलाबी फुलांनी कसा भरतो, वगैरे. फाइल सेव्ह केली, एक कमांड दिली की 'पब्लिक' नावाच्या फोल्डरमध्ये पूर्ण साइट तयार. ते फोल्डर माउसने उचलून होस्टिंगच्या पानावर सोडलं की लेख जगाला दिसतो. नेटलिफाय आणि क्लाउडफ्लेअर पेजेस या दोन्ही ठिकाणी असं फोल्डर टाकता येतं आणि छोट्या साइटसाठी पैसे पडत नाहीत. गिटहब पेजेसही फुकट आहे, पण मोफत खात्यात फाइलींचा साठा (रिपॉझिटरी) सगळ्यांना उघडा ठेवावा लागतो. म्हणजे तुमचे कच्चे लेखही कुणीही वाचू शकतं.

ह्यूगोमध्ये एक खाच अशी आहे की भारतात बसून काम करणाऱ्याला ती हमखास लागते. काकूंनी फाइलमध्ये हाताने आजची तारीख आणि सकाळी आठची वेळ घातली, नऊ वाजता साइट बनवली, आणि लेख दिसेचना. कुठे त्रुटी नाही, सूचना नाही, फक्त लेख गायब. कारण असं की वेळेसोबत टाइमझोन दिला नसेल, तर ह्यूगो ती जागतिक प्रमाणवेळ समजतं. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे ह्यूगोच्या हिशेबाने तो लेख आपल्या दुपारी दीडचा, आणि पुढच्या वेळेचे लेख ते आपणहून वगळतं. बरं, दीड वाजला की लेख आपोआप येईल असंही नाही, साइट पुन्हा बनवावी लागते. उपाय एका ओळीचा: सेटिंगच्या फाइलमध्ये टाइमझोन आशिया-कोलकाता (Asia/Kolkata) करून टाका.

नाव आणि जागा यांची गाठ

इंटरनेटवर प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा आयपी पत्ता असतो. तुमच्या नावासमोर कुठला आकडा, हे सांगणाऱ्या जगभर पसरलेल्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात, १९८३ पासून ती चालत आली आहे. रजिस्ट्रारच्या खात्यात डीएनएसचं पान असतं. तिथे साधारण दोन प्रकारच्या नोंदी करायच्या. ए रेकॉर्डमध्ये नावासमोर थेट आयपी पत्ता लिहितात. सीनेम रेकॉर्डमध्ये 'हे नाव म्हणजे ते दुसरं नाव' असं सांगतात, आणि तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेल्या पत्त्यासाठी वापरतात. काय लिहायचं ते होस्टिंग कंपनीच्या मदतपानावर दिलेलं असतं, तिथून जसंच्या तसं उतरवा.

नोंद केल्यावर लगेच काही दिसलं नाही, तर घाबरून पुन्हा पुन्हा बदलू नका. वाटेतले सर्व्हर जुनं उत्तर काही काळ लक्षात ठेवतात. किती काळ, ते नोंदीसोबतच्या टीटीएल या सेकंदांतल्या आकड्यावर ठरतं. ३६०० असेल तर एक तास. साइट हलवायची असेल, तर आदल्या दिवशीच हा आकडा ३०० करून ठेवावा, म्हणजे बदल पाच-दहा मिनिटांत लागू होतो.

वाचक आणि साइट यांच्यातली देवाणघेवाण वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून पत्ता एचटीटीपीएसचा हवा, पण त्याला लागणाऱ्या प्रमाणपत्रासाठी आता पैसे मोजू नका. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ पासून फुकट प्रमाणपत्रं देते आणि बहुतेक चांगल्या होस्टिंग कंपन्या अशी प्रमाणपत्रं आपोआप बसवतात व वेळेवर बदलतात.

देवनागरीची खास काळजी

इथवरचं सगळं कुठल्याही भाषेच्या ब्लॉगला लागू आहे. पुढचं मात्र आपलं आपल्यालाच बघावं लागतं, कारण तयार थीम बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोमन लिपी असते.

आधी जुना मजकूर. नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्याकडून छापून घेतलेली स्मरणिका, जुने दिवाळी अंकातले लेख यांच्या फाइली अनेकांकडे असतात. त्यातल्या पुष्कळशा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. तिथे मजकुरात आतून रोमन चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो फॉन्ट काढला की उरतो निव्वळ चिन्हांचा कचरा. ब्लॉगवर युनिकोडच हवं, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला आकडा देणारी पद्धत. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यावर विसंबून राहू नका. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी एकदा डोळ्यांखालून घाला.

दुसरं, साइटची भाषा मराठी आहे हे सेटिंगमध्ये सांगा. मराठीचा संकेत 'एमआर' असा दोन अक्षरांचा आहे. अनेक थीममध्ये तिथे इंग्रजीचा संकेत तसाच पडलेला असतो. तो बदलला की दृष्टिहीन वाचकांना मजकूर वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतं. शिवाय काही चांगल्या फॉन्टमध्ये मराठीसाठी ल आणि श यांची वेगळी रूपं आत असतात, पाकळीचा ल आणि देठाचा श. संकेत मराठीचा असेल तरच ती बाहेर येतात, नाहीतर हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. शाळेत गिरवलेला ल आपल्याच पानावर दिसावा यासाठी एवढे कष्ट घ्यायलाच हवेत.

मग थीममधलं लेटर-स्पेसिंग. रोमन मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून डिझायनर अक्षरांमध्ये जागा सोडतात. देवनागरीत त्याने शिरोरेषा जागोजागी तुटते. ते शून्य करा. दोन ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, अक्षराच्या उंचीच्या साधारण पावणेदोन पट, कारण आपल्याकडे वर मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात. तिरपी अक्षरं शक्यतो नकोच. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये खरी तिरपी अक्षरं नसतात, ब्राउझर सरळ अक्षरांनाच जबरदस्तीने वाकवतो. फॉन्टमध्ये मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फुकट आणि वाचायला सुखाचे आहेत. पान हलकं हवं असेल, तर वेगळा फॉन्ट लावूच नका. विंडोज, अँड्रॉइड आणि ॲपल तिन्हींकडे आता बरे देवनागरी फॉन्ट आधीपासून असतात.

पानाचा पत्ता, म्हणजे डोमेननंतरचा भाग, देवनागरीत ठेवावा का? दिसायला सुंदर दिसतो. पण तो पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की काय होतं बघा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहितात. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. 'गिरिपुष्प' या शब्दात वेलांट्या, उकार आणि हलन्त धरून नऊ चिन्हं आहेत. त्याची झाली ८१ अक्षरं, तीही कुणाला वाचता न येणारी. लेख मराठीत, मथळा मराठीत, पण पत्ता छोटा आणि रोमन, हे मला सोयीचं वाटतं. आणि एकदा दिलेला पत्ता नंतर बदलू नका. लोकांनी पाठवलेल्या जुन्या लिंक मरतात.

एक बारकी गोष्ट शोधाची. 'दुसऱ्या' मधला ऱ्या कीबोर्डप्रमाणे दोन प्रकारे टाइप होतो. 'ॲप' मधला ॲ सुद्धा. २००८ पर्यंत युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा नव्हती, म्हणून लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत. डोळ्यांना फरक कळत नाही, पण साइटवरच्या शोधखिडकीला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. एकच कीबोर्ड धरून राहा.

फोटो आणि वाचक

मोबाइलमधला फोटो थेट चढवू नका. तो कित्येक एमबीचा असतो, ब्लॉगला १६०० पिक्सेल रुंदी पुष्कळ झाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फोटोत तो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. टेकडीवरच्या झाडाचं ठीक, पण घराच्या गच्चीतल्या कुंडीचा फोटो टाकला तर घराचा पत्ता बाहेर जातो. फोटो लहान करतानाच ही माहिती काढून टाका.

नवा लेख आल्याचं वाचकाला कळावं म्हणून आरएसएस आहे: साइटवरच्या नव्या लेखांची यादी असलेली एक फाइल, जी वाचकाचं ॲप अधूनमधून तपासतं. १९९९ पासूनचं हे तंत्र, अशा याद्या वाचायची गुगल रीडर ही सेवा २०१३ मध्ये बंद झाल्यावर, मागे पडलं, तरी पॉडकास्ट आजही त्याच्याच जोरावर चालतात. वर्डप्रेस आणि ह्यूगो दोन्ही आरएसएसची फाइल आपोआप बनवतात. तुम्ही फक्त तिची लिंक दिसेल अशा जागी ठेवा. लेखाची लिंक फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर जरूर टाका. मूळ लेख आपल्याकडे असला म्हणजे झालं.

वर्षाकाठी करायचं काम

रिन्यूअलचं ऑटो-पेमेंट लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका. कार्डावरून आपोआप पैसे कापायच्या परवानगीचे, म्हणजे ई-मँडेटचे, रिझर्व्ह बँकेचे नियम २०२१ पासून लागू झाले आहेत आणि परदेशी कंपनीचं आपोआप होणारं पेमेंट आपल्या कार्डावर अडकू शकतं. एकदम काही वर्षांचे पैसे भरणं बरं. डॉट कॉमची मुदत उलटून गेली, तर शेवटची सोडवणूक करायला ३० दिवसांची मुदत असते खरी, पण तिचा दंड मूळ भावाच्या कितीतरी पट असतो. त्यानंतर ते नाव कुणीही घेऊ शकतं.

साइटच्या पूर्ण फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर ठेवा. वर्डप्रेस असेल, तर एक्स्पोर्टची फाइल काढा आणि फोटोंचं फोल्डर वेगळं उतरवून घ्या, कारण एक्स्पोर्टच्या फाइलमध्ये फोटो नसतात. महत्त्वाचे लेख वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये स्वतः नोंदवता येतात, त्यालाही पैसे पडत नाहीत.

आणि एका कागदावर लिहून ठेवा: रजिस्ट्रार कोण, खातं कुठल्या ईमेलवर, मुदत कधी संपते, होस्टिंग कुठे, फोल्डरची प्रत कुठल्या कपाटात. काकूंनी तो कागद विम्याच्या कागदपत्रांच्या फायलीत लावलाय आणि तो तिथे आहे हे मुलीला सांगून ठेवलंय.